कानबाईच्या पाठीमागची भिंत

ओल्या मातीला आकार देणारी आणि कोरड्या मातीला कवेत धरून ठेवणारी जी आदिशक्ती खानदेशात कानबाई या नावाने घरोघर येते, तिच्या चरणी प्रथम मस्तक ठेवतो. जलाचा स्वामी जो वरुण, त्यालाही वंदन करतो. त्याच्या कोपाविषयी लिहायचे आहे, तेव्हा त्याची अनुज्ञा आधी घेतलेली बरी. श्रावण लागला आहे, नागपंचमी तोंडावर आली आहे, आणि तिच्यानंतरच्या रविवारी धुळ्याला माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी कानबाई बसेल. पुराच्या वर्षी त्या घरात काय घडले हे पुढच्या पिढीला तुकड्यातुकड्यांनी ठाऊक आहे, आणि ते तुकडे जोडताना ती मुले कोणाला तरी खलपुरुष आणि कोणाला तरी वीरपुरुष करून टाकतात. त्या घरात तेव्हा दोहोंपैकी कोणीही नव्हते. म्हणून जे पाहिले ते क्रमाने लिहून ठेवतो.

खानदेशाबाहेरच्या वाचकासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. कानबाई म्हणजे चौरंगावर कलश, कलशावर नारळ, नारळाला डोळे, नथ आणि मळवट. रविवारी ती बसते, सोमवारी नदीला जाते. तिच्या नैवेद्याला रोट म्हणतात. घरातील प्रत्येक पुरुषाच्या नावाने गव्हाची मूठ सुपात पडते, त्याच गव्हाचे पीठ होते, आणि ते त्या कुळाबाहेर जात नाही. भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या तरी आमच्याकडे त्याचा फारसा बोभाटा होत नाही. परंतु रोट वेगळा झाला, म्हणजे "कानबाई वेगळी झाली", की ते घर तुटले असे समजतात. आणि एकदा वेगळी झालेली कानबाई पुन्हा एक झाल्याचे मी माझ्या आयुष्यात पाहिलेले नाही. माझी बहीण तरुणपणीच विधवा झाली. दोन मुलगे तिने शेतावर राबून वाढवले. आपले डोळे मिटेपर्यंत दोघांचा रोट एका सुपात पडावा, यापलीकडे तिने देवाजवळ काही मागितल्याचे मला ठाऊक नाही.

तिच्या सासरची आणखी एक रीत होती. रोटाचे गहू निवडून, पाखडून, नागपंचमीच्या पुष्कळ आधी कोठीच्या खोलीत उंच फळीवर ठेवायचे आणि खोलीला कुलूप घालायचे. कानबाईच्या आदल्या दिवशी घरच्या बाईने ओलेत्याने ते उघडायचे. तोवर पुरुषाने त्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही. ही रीत लक्षात ठेवावी, कारण पुढचा सगळा अनर्थ तिच्याच आडोशाला वाढला.

घर पांझरेच्या काठच्या गल्लीत, जुने, धाब्याचे. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर मातीचे सपाट छत, आणि मातीच्या हातभर जाड भिंती. माजघर आणि कोठीची खोली यांच्यामधल्या भिंतीला टेकून पिढ्यान् पिढ्या कानबाई बसत आली. थोरला भाचा त्या घरात राहून शेती पाहतो. त्याने काही वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला आणि छातीपर्यंत हिरवा ऑइलपेंट लावला. धाकटा भाचा बांधकामाची कंत्राटे घेतो. त्याने नदीपलीकडे, देवपुरात, स्वतःचे घर बांधले होते. दोघांत बोलणे होते, पण ते सणापुरते.

मग नागपंचमीच्या आधी पांझरा आली. मी तेव्हा जळगावात, पिंप्राळ्याच्या घरी होतो. म्हणून ते येणे मी पाहिले नाही, त्याने मागे ठेवलेले तेवढे पाहिले. ऐकले ते असे, की दुपारच्या भाकरी तव्यावर असताना गल्लीच्या तोंडाशी एक म्हैस उलटी होऊन वाहत आली आणि तिच्यामागे पाणी आले. पाणी चढत गेले नाही, ते धडकले. दाराच्या फळ्या आतल्या बाजूला फेकल्या गेल्या, तांब्यापितळेची भांडी भिंतींवर आपटत फिरली, आणि थोरल्याने आईला पाठीवर घेऊन शेजारच्या स्लॅबच्या गच्चीवर चढवले तेव्हा मधल्या पायरीवर एका वाहत्या लाकडाने त्याच्या बरगडीत असा प्रहार केला की तो पुढे महिनाभर कुशीवर निजू शकला नाही. धाकटा पलीकडच्या काठाला पुलाच्या तोंडाशी उभा होता. पूल बंद होता, त्याला येणे शक्यच नव्हते. परंतु पुढे भांडणात याच गोष्टीचा पहिला दगड झाला.

बहिणीचा फोन आला तो इतकाच होता.

"बठ्ठं गयं भाऊ," ती म्हणाली. "पन भित उभी शे."

सगळे गेले, पण भिंत उभी आहे. कोणती भिंत हे तिने सांगितले नाही आणि मला विचारावेही लागले नाही.

पाणी ओसरल्यावर एरंडोल, पारोळा करत मी एस.टी.ने धुळ्याला पोहोचलो. गल्लीत गुडघाभर काळा गाळ होता आणि त्यात माणसे फावडी मारत होती. विजेच्या खांबाला गुंडाळलेले एक बैलाचे प्रेत कोणीतरी दोरांनी ओढत होते. ते सुटत नव्हते, म्हणून शेवटी कुऱ्हाड आणली. मी मान फिरवून पुढे गेलो. घरांच्या आतून धाडधाड आवाज येत होते. फुगलेली कपाटे उघडत नव्हती म्हणून लोक ती फोडत होते. गाद्या कापून गल्लीत फेकत होते. जे वाचवायचे त्यावरच घाव घालावा लागत होता. पूर गेल्यावर घरात शांतता येत असेल असे मला वाटे. त्या दिवशी कळले की पाणी एका प्रहरात जे करून जाते त्याचा पुढचा हिशेब माणसाला आपल्याच हातांनी, आपल्याच वस्तूंची हत्या करत चुकता करावा लागतो.

बहिणीच्या घरातला गाळ थोरल्याने आणि शेजाऱ्यांनी उपसला होता. परंतु मी दारात पाऊल टाकले तेव्हा आतून भट्टीसारखी वाफ तोंडावर आली. माजघराची दारे-खिडक्या बंद होती. मधल्या भिंतीच्या पायथ्याशी लोखंडी घमेली मांडून थोरल्याने कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवल्या होत्या. शेतावरच्या पत्र्याच्या शेडमधून त्याने त्या ट्रॅक्टरभर आणल्या होत्या. धुराने डोळे फुटायची वेळ आली होती. तो उघड्या अंगाने, बरगडीला पंचा आवळून, निखारे भिंतीकडे लोटत होता. हिरव्या ऑइलपेंटला फोड आले होते, भाजलेल्या कातडीला येतात तसे, आणि मधूनमधून एखादा फोड फुटून त्यातून उष्ण पाण्याची धार भिंतीवरून ओघळे.

रविवारच्या आत भिंत वाळवायची, तिला रंग द्यायचा, आणि आईची कानबाई तिथेच बसवायची, असे त्याने मला सांगितले. सांगताना माझ्याकडे पाहिले नाही. आईने एकदाच म्हटले होते की यंदा कानबाई बसेल ना रे. एवढ्यावर तो त्या भिंतीशी युद्धाला उभा राहिला होता.

संध्याकाळी धाकटा आला. त्याने प्रथम दारे-खिडक्या धडाधड उघडल्या, आणि मग घमेली पायाने अंगणात उलटवली. त्याचे म्हणणे त्याने मला नीट समजावून सांगितले. मातीची भिंत वाळते ती वाऱ्याने, दोन्ही अंगांनी, आणि सावकाश. तिच्या अंगावर सिमेंट आणि ऑइलपेंट असेल तर पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. वरून आग दिली की कातडी तडकते आणि पोट ओलेच राहते. म्हणून गिलावा तळापासून काढून टाकायचा, आरपार वारा खेळवायचा, तुळयांना टेकू द्यायचे, आणि दिवाळीपर्यंत तिला हात लावायचा नाही. यंदा कानबाई त्याच्या घरी देवपुरात बसवावी. तिथे कोरडे आहे.

हे शेवटचे वाक्य त्याने सद्हेतूने उच्चारले असेल. थोरल्याने ते तसे ऐकले नाही. त्याच्या मनात फार दिवसांपासून शंका होती की भावाला हे घर पाडून तिथे फ्लॅट बांधायचे आहेत. आता त्याला वाटले, आधी कानबाई नेतो, मग भिंत नेतो, मग घर. त्याने एवढेच म्हटले की माय पाठीवर घेऊन मी चढलो तेव्हा तू पुलाच्या त्या अंगाला उभा राहून फोटो काढत होतास.

"आनि भितनी पखाल कोनी करी दिधी?" धाकटा म्हणाला. भिंतीची पाण्याची पखाल कोणी करून ठेवली, असे त्याने विचारले. "तुना ऑइलपेंटनी."

बहिणीने दोघांपुढे पिठल्याच्या ताटल्या ठेवल्या. 

दुसऱ्या दिवशी थोरला शेताकडे गेला असताना धाकटा घण आणि छिन्नी घेऊन आला. त्याने आईला विचारले नाही, मला विचारले नाही. भिंतीच्या पायथ्याशी छिन्नी टेकवून त्याने घणाचे घाव घालायला सुरुवात केली. सिमेंटचे तावदानासारखे थर सुटून फरशीवर कोसळू लागले, आणि त्यांच्या मागून, मी खोटे सांगत नाही, पाणी वाहू लागले. पूर जाऊन दिवस लोटले होते. तरी त्या गिलाव्यामागे पांझरा दबा धरून बसलेली होती. आतली माती कालवलेल्या कणकेसारखी झाली होती. बोट सहज शिरत होते. धाकट्याने मला ते दाखवले, आणि पुन्हा घण उचलला.

तेवढ्यात थोरला दारात आला. पुढचे मला एका श्वासात सांगावे लागेल, कारण ते तसेच घडले. त्याने अंगणातले फावडे उचलून भावाच्या डोक्यावर घातले. पात्याची कड लागली नाही, दांडा लागला, हे देवीचे देणे. तरी कपाळ भुवईपासून केसांपर्यंत उकलले. धाकटा रक्ताने आंधळा झाला, पण पडला नाही. त्याने थोरल्याला कमरेत धरून त्या चिखलात आपटले, दुखऱ्या बरगडीवर गुडघा रोवला आणि दोन्ही हातांनी त्याचा गळा धरला. थोरल्याच्या टाचा फरशीवर आपटत होत्या. मी वृद्ध माणूस; मी धाकट्याचे मनगट ओढत होतो आणि ते खांबासारखे हलत नव्हते. माझ्या बहिणीने हंबरडा फोडला नाही. ती पुढे झाली, तिने खराट्याने दोघांनाही सारखेच झोडपले, तोंडावर, पाठीवर, हात लागेल तिथे, आणि ते वेगळे झाल्यावर जमिनीवर पडलेला घण उचलायला वाकली. तो तिला उचलला जाईना. तेव्हा तिने तो फरफटत उंबऱ्यापर्यंत नेला आणि त्यावर बसली.

थोरला उठून भिंतीला टेकला. त्याचा आवाज निघत नव्हता, गळ्यावर बोटांचे वळ उमटले होते. तरी त्याने ते शब्द काढलेच.

"आते तुनी कानबाई येगळी."

आता तुझी कानबाई वेगळी. गळा दाबताना ज्या घरात कोणी थांबले नाही, त्या घरात या वाक्यासरशी सगळे थांबले. धाकट्याने कपाळाला शर्ट लावला आणि आईकडे पाहिले. ती घणावरून उठली नाही, वाट मात्र दिली. तो निघून गेला.

त्या रात्री थोरल्याने पुन्हा विस्तव पेटवला नाही. पण सकाळी उठून भावाने उघडी केलेली जागा सिमेंटने थापून टाकली. ओल्या मातीवर सिमेंट धरत नव्हते, ते ढेकळांनी खाली पडे, आणि तो ते पुन्हा थापे. दात आवळून, शिव्या देत, जणू भावाचेच तोंड बंद करतो आहे. शुक्रवारी सकाळी संध्या आटोपून मी माजघरात बसलो असता मला वाटले की भिंत आपल्याकडे झुकली आहे. म्हातारपणी दृष्टीवर विश्वास ठेवू नये, म्हणून मी जानव्याची दोरी तांब्याला बांधून ओळंब्यासारखी सोडली. भिंतीच्या मध्याला पोट आले होते. थोरल्याने पाहिले आणि म्हटले, घणाने केले हे. मलाही क्षणभर तसेच वाटले.

परंतु एक आंबूस, उग्र दर्प कालपासून येत होता. आम्ही तो गाळाचा समजत होतो. तो कोठीच्या बंद दाराखालून येत होता, आणि उंबऱ्याच्या फटीतून पांढरा फेस बाहेर आला होता. मी बहिणीला विचारले, आत काय काय आहे. ती म्हणाली, फळीवर रोटाचे गहू आहेत, फळी उंच आहे, पाणी तिथवर चढले नाही हे मी खिडकीतून पाहिले आहे. खाली थोरल्याने कुलूप घालण्याआधी ठेवलेली हरभऱ्याची पोती आहेत, ती भिजली असतील, ती रविवारनंतर पाहू.

हरभरा. रात्री भिजत घातलेला मूठभर हरभरा सकाळी वाटीबाहेर येतो हे त्या घरातल्या प्रत्येकाला, मलाही, जन्मापासून माहीत होते. त्या अरुंद खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत ठासून रचलेली पोती होती. पुराच्या दिवसापासून ती फुगत होती, मोड काढत होती, आणि त्यांना पसरायला जागा मिळेल अशी एकच बाजू होती, मऊ झालेली मधली भिंत. दोन भाऊ भिंतीच्या या अंगाला एकमेकांचे रक्त काढत असताना त्या अंगाने ती ढकलली जात होती. एकालाही दार उघडून पाहता आले नाही, कारण त्या उंबऱ्याला पुरुषाने पाय लावायचा नव्हता. गाळाने माखलेल्या हातांपासून गहू पवित्र राहावेत म्हणून आम्ही सर्वांनीच ते कुलूप जपले होते.

बहिणीने मला विचारले, भाऊ, आधी उघडले तर रोट बाटेल का. मी सांगितले की ज्या खोलीत नदी आम्हाला न विचारता जाऊन आली, तिचे सोवळे नदीनेच सोडवले आहे. आपत्काळात धर्म कुलपात राहत नाही. तू स्नान करून उघड, आणि लगेच उघड.

ती ओलेत्याने आली. कुलूप उघडले, दार उघडेना. लाकूड फुगून चौकटीत रुतले होते आणि आतून पोती त्यावर रेटत होती. थोरला हात लावायला तयार नव्हता. दार फोडाल तर भिंत जाईल असे तो म्हणत राहिला. तेव्हा तिने शेजाऱ्याला देवपुरात पाठवले. धाकटा आला. डोक्याला पट्टी, हातात पहार. भावाकडे न पाहता त्याने पहार चौकटीत घातली.

पहिल्या झटक्याला भिंतीच्या वरच्या अंगाला आडवी भेग गेली. थोरल्याने ती पाहिली, आणि कोणाला काही कळायच्या आत त्याने आपली पाठ भिंतीला लावली. पाय फरशीत रोवून, मान खाली घालून, दुखऱ्या बरगडीनिशी तो ती भिंत मागे रेटू लागला. मी त्याला हाका मारल्या. त्याच्या आईने मारल्या. दार फुटल्याने भिंत पडली की ती पडणारच होती, हे मी आजही ठरवू शकत नाही. दार चौकटीतून सुटून बाहेर कोसळले, आतून उष्ण, कुजका वारा सुटला, पोती फाटल्याचे आवाज आले, आणि भिंतीचे पोट फाटले. हिरवा रंग, सिमेंट, माती, मोड आलेला हरभरा हे सारे एकच अंग होऊन थोरल्यावर आले. तो दिसेनासा झाला.

छत पडले नाही. ते खांबांवर होते. कोसळल्यानंतरच्या शांततेत वरून मातीची भुकटी गळत होती, एवढाच आवाज होता. मग धाकटा त्या ढिगावर पडला. त्याने फावडे घेतले नाही, पात्याने भाऊ चिरेल म्हणून. नखांनी उकरू लागला. ढीग आतून गरम होता, आंबलेला हरभरा कोपरापर्यंत चिकटत होता. सिमेंटची तावदाने तो उचलून मागे भिरकावत होता; एक माझ्या पायाला लागले, त्याची खूण अजून आहे. त्याच्या कपाळाचे टाके उसवले आणि रक्त पुन्हा डोळ्यांत उतरले. शेजारी धावून आले. प्रथम एक हात सापडला, कोपरात उलटा वळलेला. मग डोके. नाकातोंडात माती भरली होती. धाकट्याने त्याच्या तोंडात बोटे घालून चिखल ओढून काढला आणि गालावर थपडा मारत राहिला, त्या दिवशीच्या रागाने माराव्यात इतक्या जोरात.

थोरला खोकला. माती थुंकून त्याने भावाला उद्देशून जो पहिला शब्द उच्चारला तो येथे लिहिण्याजोगा नाही. धाकटा रडत रडत हसू लागला.

दवाखान्यात उजवा हात आणि मांडीचे हाड मोडल्याचे कळले. प्राण वाचले. परंतु माझ्या बहिणीचे जे पणाला लागले होते ते अजून सुटलेले नव्हते. कानबाई वेगळी झाल्याचा तो शब्द घरात पडलेलाच होता. शनिवारी तिने एकटीने कोठीच्या खोलीत जाऊन फळीवरची गव्हाची परात उतरवली. फळी बाहेरच्या भिंतीला होती, म्हणून वाचली. गव्हावर धुळीचा थर होता; खाली दाणा कोरडा, खणखणीत. ती मला म्हणाली की माजघरात रक्त सांडले आहे, तिथे देवी बसेल का. मी सांगितले की धुऊन, सारवून, कापूर लाव. रक्त परक्याचे नाही. तिने सारवले. मग सूप आणि गव्हाची परात घेऊन ती दवाखान्यात निघाली, आणि धाकट्याला एवढेच म्हणाली की मागे ये.

वॉर्डात थोरला टांगलेल्या पायाने पडला होता. उजवा हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. तिने त्याच्या खाटेवर परात ठेवली आणि रिकामे सूप पुढे धरले. दर वर्षी पहिली मूठ थोरल्याची. त्याने डावा हात उचलला. पण डाव्या हाताने रोट घालत नाहीत, हे आठवून तो हात तसाच राहिला. धाकटा पायथ्याशी, दाराकडे तोंड करून उभा होता. शेजारच्या खाटांवरचे रोगी पाहत होते.  बहीण सूप धरून उभी राहिली.

थोरल्याने डावा हात खाली ठेवला.

"माय," तो म्हणाला, "मनी मूठ त्याले टाकू दे. पन भरीसन टाक म्हन. हात धाकला शे त्याना."

माझी मूठ त्याला घालू दे, पण भरून घाल म्हणावे. हात लहान आहे त्याचा. धाकट्याने वळून परातीत हात घातला. त्याची नखे तुटलेली होती, बोटांना पट्ट्या होत्या. त्याने भावाची मूठ घातली, ती इतकी भरली की सुपाबाहेर सांडली, आणि मग स्वतःची घातली. थोरला म्हणाला, माझी मोठी का केलीस, आता कानबाईचा खर्चही मलाच का. धाकटा म्हणाला, पाय सुटला की बघतो तुला. बहिणीने सूप उचलले आणि पदराखाली घेतले.

रविवारी कानबाई बसली. तिच्या पाठीमागे भिंत नव्हती. माजघर आणि कोठी एक झाली होती आणि चौरंगामागे पार बाहेरच्या, ओल्या, नागड्या मातीच्या भिंतीपर्यंत मोकळे दिसत होते. बायका गाणी म्हणत होत्या आणि मध्येच खोकत होत्या, कारण सडक्या हरभऱ्याचा दर्प गेला नव्हता. सोमवारी बहिणीने देवीला डोक्यावर घेऊन पांझरेवर नेले. काठच्या बाभळींवर फाटकी वस्त्रे लोंबत होती, पाणी अजून गढूळ आणि रागीट होते. नदीत उतरून माझ्या बहिणीने प्रथम त्या नदीला शिव्या दिल्या, स्पष्ट, सगळ्यांना ऐकू येतील अशा; आणि मगच हळदीकुंकू वाहून देवीला पाण्यात घातले.

पुढचे काम संथ होते, पण मवाळ नव्हते. धाकटा रोज संध्याकाळी घण घेऊन यायचा आणि उरलेल्या भिंतींचे सिमेंट फोडायचा. थोरला खाटेवरून सूचना देत असे: जास्त खोल नको, तिथे आजोबांचा कोनाडा आहे, गाढवा. भिंतींनी आधी घाम गाळला, मग अंगावर पांढरी खार उठली, ती खराट्याने झाडली की पुन्हा उठे. समोरासमोरची दारे दिवसभर उघडी ठेवत. फुगलेल्या चौकटी रंध्याने तासल्या. एक तुळई वाळताना रात्रंदिवस कडकडत असे, आणि एके दुपारी बंदुकीसारखा आवाज करून उभी चिरली. तिला लोखंडी पट्ट्या ठोकल्या. दिवाळी झाली, संक्रांतही गेली, तेव्हा कुठे भिंतीला हात लावला तर तळव्याला गारवा लागेना. मग माती, भुसा आणि शेण कालवून दोघा भावांनी भिंतींना हातांनी लिंपले. मधली भिंत पुन्हा बांधली नाही. कोणी तसा निर्णय घेतला असे नाही. थोरला म्हणतो धाकट्याने टाळले, धाकटा म्हणतो थोरल्याने सांगितलेच नाही. रोट एका सुपात पडतो.

हे वाचणाऱ्या सज्जना, तुझ्या घरावर कधी पाणी चालून आले तर तुझी माणसे उंचावर पोहोचोत. पाणी गेल्यावर तुझ्या भिंतींना वारा मिळो, आणि तुझ्या क्रोधाला वाळायला पुरेसे दिवस मिळोत. बंद खोल्या वेळेवर उघडण्याचे धैर्य तुझ्या घरच्या लक्ष्मीला लाभो. तुझे धान्य कोरडे राहो, तुझे भाऊ तुझ्याशी भांडोत आणि तुझ्याच पंक्तीला जेवोत. जगन्माता तुझ्या उंबऱ्याचे, तुझ्या मुलाबाळांचे आणि तुझ्या गुराढोरांचे रक्षण करो. शुभं भवतु.